गार भाकरीचं अंतर

आमच्या घरमालकांना कुणी विचारलं, "पुणं किती लांब?" तर ते किलोमीटर सांगत नसत आणि तासही सांगत नसत. ओट्यावरच्या आपल्या खुर्चीत जरा मागं रेलत, डोळे बारीक करत आणि म्हणत, "गार भाकरी." विचारणारा बेलापूरचाच असेल तर मान डोलावून निघून जाई. बाहेरचा असेल तर माझ्याकडे बघे. मी त्यांच्या शेजारच्या खोलीत भाड्याने राहणारी, शाळेत भूगोल शिकवणारी बाई. त्यामुळे खुलासा करायचं काम आपोआप माझ्याकडे आलं होतं.

खुलासा असा, की मालकांचं सगळं मोजमाप डब्यावर चालायचं. घरून फडक्यात बांधून घेतलेली भाकरी पोचल्यावरही ऊन लागली, तर ते गाव गरम भाकरीचं. श्रीरामपूर, राहुरी, नेवासं ही सगळी गरम. भाकरी निवाली, पण हातात घेऊन दुमडली तर दुमडते, मोडत नाही, अशी पोचली तर ते गाव गार भाकरीचं. नगर, नाशिक, पुणं यांना त्यांनी गारमध्ये घातलं होतं. त्याच्या पुढं दशमी. दूध घालून मळलेली दशमी दोन दिवस मऊ राहते, म्हणून नागपूर दशमीत. त्याच्याही पलीकडं दिल्लीसारखी गावं, ती लाडू-चिवड्याची. आणि अगदी शेवटी परदेश. त्याच्याबद्दल ते एवढंच म्हणायचे, "तितं मानूस जातं, डबा जात न्हाई."

हे शास्त्र त्यांना टेम्पोनं शिकवलं होतं. उभं आयुष्य त्यांनी टेम्पो चालवला. कांदा, पेरू, डाळिंब, जे शेतात पिकेल ते भरायचं आणि जिथं बाजार असेल तिथं उतरवायचं. माल उतरला की फडकं सोडायचं. भाकरी कशी आहे त्यावरून आपण किती लांब आलो ते त्यांना कळायचं. पुढं टेम्पो विकला, पण ड्रायव्हरची सीट तेवढी काढून घेतली आणि लोखंडी चौकटीवर बसवून ओट्यावर ठेवली. तीच त्यांची खुर्ची. समोर स्टिअरिंग नव्हतं, पण कुणी न पटणारं बोलायला लागलं की त्यांचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबायचा. मी नवी होते तेव्हा मला वाटायचं त्यांना पायात पेटका येतो. मग लक्षात आलं की हा पेटका मी बोलते तेव्हाच येतो.

मी पहिल्यांदा खोली बघायला आले तेव्हा त्यांनी मला पगार विचारला नाही, लग्नाचं विचारलं नाही. विचारलं, "गाव कुठलं? अन् डब्यात काय आणलंय?" मी सोलापूरची. पिशवीत आईनं दिलेल्या कडक भाकरी होत्या, त्या मी मोठ्या अभिमानानं पुढं केल्या. मालकांनी एक भाकरी उजेडाकडं धरली, नखानं वाजवली आणि परत माझ्या हातात दिली.

"ही किती दिवस राहती?"

"महिनाभर सहज."

पाय खाली गेला. "ही भाकरी न्हाई बाई, पत्रा हाय. हिच्यावरनं सोलापूर कितीबी लांब न्यायचं म्हनलं तरी जाईल."

खोली मिळाली, पण सोलापूरचं अंतर त्यांनी मला शेवटपर्यंत सांगितलं नाही. सोलापूरच्या लोकांनी मुद्दामच लबाडी केली आहे असं त्यांचं ठाम मत होतं.

अंतर एकदा ठरलं की ठरलं, असंही नव्हतं. पावसाळ्यात रस्त्याला खड्डे पडले की ते गावांना वरच्या वर्गातून खालच्या वर्गात ढकलायचे. एका श्रावणात त्यांनी ओट्यावरून जाहीर केलं, "राहुरी गार झाली." चार लोकांनी हळहळ व्यक्त केली. डांबर पडल्यावर राहुरी परत गरम झाली तेव्हा त्यांनी स्वतः जाऊन एक भाकरी खाऊन खात्री केली होती. मी वर्गात मुलांना सांगायचे की दोन गावांतलं अंतर बदलत नसतं, आणि मागच्या बाकावरून हमखास आवाज यायचा, "बाई, पावसाळ्यात बदलतं."

काकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, या सगळ्यात फारशा बोलत नसत. एकदाच मला चुलीपाशी म्हणाल्या होत्या, "सगळं मोजमाप माझ्या भाकरीवर. अन् मला कुनी इचारत न्हाई, किती जाड थापू."

लोक मात्र विचारायला यायचे ते वेगळ्याच कामासाठी. मुलीची सोयरीक करताना. मालकांचा नियम होता, आणि हळूहळू तो आळीतल्या निम्म्या घरांचा झाला होता, की पोरगी गार भाकरीच्या पुढं द्यायची नाही. पोरगी आजारी पडली, तिला माहेरचं खावंसं वाटलं, तर आईनं पहाटे थापलेली भाकरी दुपारपर्यंत तिच्या ताटात पडली पाहिजे. एकदा एक शेजारी राजूरचं स्थळ घेऊन आले. आपल्याच जिल्ह्यातलं म्हणून निश्चिंत होते. मालकांनी घाटातली वळणं बोटांवर मोजली आणि म्हणाले, "राजूर पुन्यापेक्षा लांब हाय. पन बसतंय गारमधी, कडंला. द्या." शेजाऱ्यांनी पेढे आणले.

हा नियम आला कुठून, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. त्यांची धाकटी बहीण लग्न होऊन पार यवतमाळकडं गेली होती. तिला दिवस गेले आणि तिनं निरोप पाठवला की आईच्या हातची बाजरीची भाकरी आणि मेथी खावीशी वाटते. मालक तेव्हा विशीतले. डबा घेऊन एसटीनं निघाले. वाटेत गाडी बंद पडली, दुसरी मिळेना, मुक्काम पडला. पोचले तेव्हा भाजी आंबली होती.

"मी म्हनलं, फेकून दे. ती म्हनली, चांगली हाय की. अन् सगळी खाल्ली बाई. माझ्यासमोर. एक घास ठिवला न्हाई."

मी घाबरत विचारलं, "मग आता त्या...?"

"हाय की. मजेत हाय. नातवंडं हायती." मग खुर्चीच्या दांडीवरून हात फिरवत म्हणाले, "पन मी तिला खाताना बघितलंय ना."

असा हा माणूस, आणि त्याच्या एकुलत्या एका लेकीला, वर्षाला, स्थळ आलं ते चेन्नईचं.

तसं स्थळ चेन्नईचं नव्हतं. नितीन राहुरीच्या पलीकडच्या एका वस्तीवरचा, म्हणजे गरम भाकरीचा मुलगा. घरी आई एकटी, थोडी शेती. पण नोकरी चेन्नईला, गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात. दिवाळीत पाहण्याचा कार्यक्रम झाला. त्याची आई कोपऱ्यात बसून होती, एक अक्षर बोलली नाही. वर्षा मात्र पुढचे दोन महिने त्या मुलाशी फोनवर इतकं बोलली, की श्रीरामपूरच्या ज्या लॅबमध्ये ती रक्त तपासण्याच्या नोकरीला होती, तिथल्या लोकांनीसुद्धा तारीख विचारायला सुरुवात केली. मालकांचा निकाल मात्र पहिल्याच दिवशी लागला होता. "मद्रास? लाडू-चिवडा. न्हाई."

एका संध्याकाळी वर्षा माझ्या खोलीत येऊन बसली. डोळे सुजलेले. म्हणाली, "मॅडम, लोकांची लग्नं हुंड्यावर अडतात, पत्रिकेवर अडतात. माझं लग्न भाकरीवर अडलंय. तुम्ही भूगोलाच्या आहात. तुम्हीच काहीतरी करा."

मी नकाशा घेऊन ओट्यावर गेले. पट्टी लावून दाखवलं. "मालक, शिर्डी ते चेन्नई सरळ रेषेत साडेनऊशे-हजार किलोमीटर. विमान आता आपल्याच जिल्ह्यातून उडतं. दोन तासांत चेन्नई."

"दोन तास कुनाचे?"

"म्हणजे?"

"इमानाचे. इमानाला कुठं पोरगी द्यायचीय? माझ्या उंबऱ्यापासनं त्याच्या उंबऱ्यापातूर सांगा. अन् ही सरळ रेघ पाखरांनी मारावी. पाखरांत न्हाई सोयरीक करायची मला."

वर्षा दारातून वडिलांना म्हणाली, "दादा, दोन तासांत भाकरी गारसुद्धा होत नाही."

हे वाक्य तिनं रागानं म्हटलं होतं, पण ते नेमकं मालकांच्या वर्मी लागलं. पाय ब्रेकवर गेलाच नाही. मांडीवर हात ठेवून ते म्हणाले, "बरं. मग बघू."

बघायचं ठरलं ते असं. मुलाचं घर बघायला म्हणून मालक चेन्नईला जाणार, विमानानं. बरोबर काकूंनी पहाटे थापलेल्या भाकरी. त्याच्या उंबऱ्याच्या आत गेल्यावर भाकरी दुमडायची. दुमडली तर लग्न, मोडली तर नाही. नितीनला यातलं काही सांगायचं नाही. मालकांना हिंदी ट्रकवाल्यांपुरती येत होती, इंग्रजी अजिबात नाही, आणि काकूंनी विमानात बसायला साफ नकार दिला. म्हणून पंच म्हणून मी.

वर्षा एक झाकणाचा, ऊन अन्न ऊनच ठेवणारा डबा घेऊन आली. मालकांनी तो परत केला. "त्यात गरम राहिली तर ती डब्याची करामत. अंतराची न्हाई. फडकं." मग तिनं सुचवलं की ज्वारीची करावी, ती जरा जास्त वेळ मऊ राहते. "बाजरीची. थंडीत आपल्यात बाजरी असती. अंतर काय सोयीनं मोजायचं का?" निघताना वर्षानं माझा हात धरला आणि कानात म्हणाली, "मॅडम, काहीही करा, पण मोडू देऊ नका." मी पंच असल्याचं आम्ही दोघीही विसरलो होतो.

विमानतळावर पहिला खोळंबा तपासणीत झाला. फडकं यंत्रातून गेलं आणि पडद्यावर भाकऱ्यांचा फोटो आला. मालक खूश झाले. पण त्याच गाठोड्यात काकूंनी एका डबीत हिरव्या मिरचीचा ठेचा दिला होता. जवानानं डबी उघडली, नाकाजवळ नेली आणि मान झटकन मागं घेतली.

"ये नहीं जाएगा."

"खाने का है," मालक म्हणाले. "मारने का नहीं."

"मिर्ची अंदर अलाउड नहीं है, चाचा."

मालकांचा पाय गुळगुळीत फरशीवर ब्रेक शोधायला लागला. मी त्यांना बाजूला घेतलं. ठेचा गेला. मालक मागं वळून वळून बघत होते. शेवटी मला म्हणाले, "त्याला सांगा, खायचा तर खा, पन दमानं. आमच्या हिच्या हातचा हाय." काकूंच्या ठेच्यावर त्यांनी केलेली ही एकमेव स्तुती मी ऐकली, आणि ती ऐकायला काकू तिथं नव्हत्या.

दुसरा खोळंबा मोठा होता. धुकं पडलं होतं. चेन्नईहून जे विमान येऊन आम्हाला घेऊन जाणार, ते आलंच नव्हतं. आम्ही खुर्च्यांवर बसून राहिलो. आजूबाजूला दर्शन करून परत निघालेली दक्षिणेकडची माणसं शांतपणे डबे उघडून लिंबूभात खात होती. मालक त्यांच्याकडे आदरानं बघत होते. "बघा. ह्यानला अंतर म्हाईत हाय." थंडगार वारा वरच्या जाळ्यांमधून सारखा येत होता. मालक मधूनमधून फडक्यात दोन बोटं घालून, लेकराचा ताप बघतात तशी भाकरी बघायचे. मी माझी शाल गाठोड्यावर टाकली. त्यांनी ती उचलून माझ्या मांडीवर ठेवली. "अंतराला पांघरून घालायचं न्हाई."

त्यांना मनातून काय हवं होतं, ते मला तेव्हा कळत नव्हतं. भाकरी मऊ राहावी असं वाटत असेल तर तो चेहरा नव्हता. आणि मोडावी असं वाटत असेल तर मग इतक्या वेळा बोट कशाला घालायचं?

अखेर उडालो. खिडकीची जागा त्यांना दिली होती. खाली उसाचे चौकोन, पाटाचं पाणी दिसलं तोपर्यंत ते उजळून गेले होते. मग ढग आले आणि ते वैतागले. "मधी गाव न्हाई, चहाची टपरी न्हाई, पाटी न्हाई. किती आलो ते कसं कळायचं?" मी म्हटलं, अर्धं आलो. "तुमाला कुनी सांगितलं?" मी घड्याळ दाखवलं. ते माझ्याकडे बघून कीव आल्यासारखं हसले. विमान उतरताना त्यांनी पुढच्या सीटखाली पाय ताणून असा ब्रेक दाबला, की चाकं टेकून वेग कमी झाल्यावर त्यांनी स्वतःच सुटकेचा श्वास टाकला. ते विमान मालकांनीच थांबवलं अशी त्यांची आजही समजूत असेल.

नितीन घ्यायला आला होता. उंच, लाजाळू मुलगा, शर्टाला इस्त्री केलेली पण एका बाहीची राहून गेलेली. तिथून त्याच्या घरापर्यंत गर्दीतून टॅक्सी इतकी रखडली, की मालक दर चौकात गाठोडं जवळ ओढायला लागले. त्याच्या फ्लॅटचा उंबरा ओलांडला तेव्हा दिवस कलला होता. दोन तासांच्या गावाला पोचायला आम्हाला सगळा दिवस लागला होता. हे मालकांनी मला बोलून दाखवलं नाही. नुसतं बघितलं.

घर नीटनेटकं होतं. नितीननं बाहेरून इडल्या, मिठाई, केळी, काय काय आणून ठेवलं होतं. मालकांनी कशालाच हात लावला नाही. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मांडीवर फडकं सोडलं. वरची भाकरी घेतली, दोन्ही हातांत धरली आणि दुमडली.

टक्कन मोडली.

आवाज अगदी स्वच्छ आला. मालकांचा उजवा पाय खाली गेला आणि खालीच राहिला. हातात दोन तुकडे. मला वर्षाचा चेहरा दिसायला लागला. आता परत जाऊन तिला काय सांगायचं, हे मी मनात जुळवायला लागले आणि एकही वाक्य पुरं होईना.

नितीन पाण्याचे पेले घेऊन आला होता. तो तिथंच थांबला.

"बाजरीची?"

त्यानं पेले ठेवले. मालकांच्या हातातून ते दोन तुकडे जणू आपल्यासाठीच आणलेत अशा थाटात घेतले आणि आत गेला. दुधाचं पातेलं वाजलं. बाहेर आला तो ताट घेऊन. आमच्यासमोर फरशीवर मांडी घालून बसला, भाकरी ताटात कुस्करली, वर ऊन दूध ओतलं, चिमूटभर मीठ टाकलं आणि खायला लागला. समोर पाहुणे आहेत, त्यातला एक भावी सासरा आहे, त्यानं अजून इडलीला हात लावलेला नाही, हे सगळं तो विसरून गेला होता. ताट संपल्यावर त्यानं वर बघितलं आणि फडक्यातली दुसरी भाकरी उचलली. तीही मोडून ताटात टाकली. मग मात्र त्याला भान आलं.

"सॉरी. तुम्हाला विचारलंच नाही." कानापर्यंत लाल झाला होता. "अशी वाळलेली मला जास्त आवडते. आई मुद्दाम एक बाजूला ठेवायची माझ्यासाठी. दिवाळीनंतर आज खातोय."

"आई पाठवीत न्हाई व्हय?"

"मीच नको म्हणतो. सांगतो, इथं सगळं मिळतं." आणि ताटात बघत म्हणाला, "तिला कशाला त्रास."

त्याचे डोळे भरून आले होते. माझेही आले, ते लपवायला मी खिडकीशी गेले. मागं वळून बघितलं तर मालकांचा पाय जमिनीवरून उठला होता. खुर्चीत पुढं वाकून ते त्या मुलाचं खाणं बघत होते. असं खाताना त्यांनी आयुष्यात एकदाच कुणाला बघितलं होतं, ते मला माहीत होतं.

वर्षाचा फोन आला.

"मॅडम, काय झालं?"

"मोडली."

"मग?"

"मग नितीननं खाल्ली."

"म्हणजे हो की नाही?"

मला तरी कुठं माहीत होतं?

दुसऱ्या दिवशीच्या विमानात मालक खिडकीशी बसले आणि त्यांनी एकदाही बाहेर बघितलं नाही. निम्मी वाट सरल्यावर म्हणाले, "बाई, पोरगी देताना आपन किती बघतो. रस्ता बघतो, भाकरी बघतो. हे पोरगं तितं जाऊन राहिलं, ह्याचं अंतर कुनीच मोजलं न्हाई." विमान उतरलं तेव्हा त्यांना ब्रेक दाबायची आठवणही राहिली नाही.

शिर्डीहून बेलापूरला जायचं सोडून त्यांनी गाडीवाल्याला राहुरीच्या पलीकडं घ्यायला सांगितलं. वस्तीवर पोचलो तेव्हा नितीनची आई दारात शेंगा फोडत बसली होती. आम्हाला बघून गडबडीनं उठली, पदर सावरला. आम्ही न सांगता आलो, म्हणजे सोयरीक मोडल्याचं सांगायला आलो, असं तिला वाटलं असणार. चहा ठेवते म्हणाली, पण आत जाईना.

मालक ओट्यावर टेकले. "तुमच्या पोराकडं जाऊन आलो. घर चांगलं हाय. पोरगं चांगलं हाय."

तिनं घराचं काही विचारलं नाही. पगाराचं, फ्लॅटचं, काहीच नाही. "तुमी भाकरी नेली हुती म्हनं. फोनवर म्हनला."

"व्हय."

"दुधात कुस्करून खाल्ली का?"

"दोन खाल्ल्या."

तिनं पदराचं टोक तोंडाशी धरलं. बराच वेळ हसत होती की रडत होती, ते तिलाच ठाऊक. मग हळूच विचारलं, कुणाला विचारावं हे इतके दिवस सापडलं नसल्यासारखं, "लई लांब हाय का वो ते?"

मी मालकांकडे बघितलं. आदल्या दिवशीची मोडलेली भाकरी मी डोळ्यांनी बघितली होती, आवाजासकट. उभ्या आयुष्यात एका गावाचं अंतर या माणसानं कुणासाठी कमी केलं नव्हतं. घाटातल्या राजूरसाठी नाही, स्वतःच्या लेकीच्या सुजलेल्या डोळ्यांसाठी नाही.

"न्हाई वो, इहीनबाई," मालक म्हणाले. "गार भाकरीचं हाय."

'इहीनबाई' हा शब्द मी ऐकला, तिनंही ऐकला. वर्षाचं लग्न ठरलं ते त्या एका हाकेत. पण ती बाई दुसऱ्याच शब्दावर अडकली होती.

"म्हंजे पहाटं थापली तर...?"

"तर दुपारी त्याच्या ताटात."

ती उठलीच. हातातल्या शेंगा सुपात टाकल्या, आत गेली, पिठाच्या डब्याचं झाकण वाजलं, आणि परत दारात आली.

"मग उद्या थापू का?"

मालकांनी माझ्याकडे बघितलं. सोलापूरच्या लबाडीची ज्याला इतकी चीड, त्या माणसाच्या डोळ्यांत मी त्या दिवशी पहिल्यांदाच विनवणी बघितली. मी पंच होते. मी मान डोलावली.

"थापा की," मालक तिला म्हणाले. "मीच घिऊन जातो. नायतर तुमीच चला संगं, खिडकीची जागा देतो." आणि विमानाच्या प्रवासात केस पांढरे झालेल्या माणसाच्या अधिकारानं त्यांनी बोट वर केलं. "फकस्त ठेचा घिऊ नका. ठेचा ते काढून घेत्यात."